बोंबलाचा वास आणि समुद्राचा तळ



हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही आठवडी बाजारात जा. भाजीपाला, मिरच्या, गूळ, चपला, बांगड्या अशी सगळी पाले ओलांडली की एका कडेला सुकट-बोंबलाचे पाल लागते. ते कुठे आहे हे कोणाला विचारावे लागत नाही, वासच तिथवर घेऊन जातो. गोणपाटावर एका बाजूला सुकटीचा गुलाबी ढीग आणि दुसऱ्या बाजूला काडीसारखे वाळलेले, तोंड वासलेले बोंबील. माय-माउल्या मूठभर उचलून वास घेतात, भाव करतात आणि पिशवीत टाकतात. घरी गेल्यावर तव्यावर भाजले, लसूण-तिखट घातले की भाकरीबरोबर सगळ्यांचे जेवण होते.

समुद्र आपल्यापासून फार दूर. आपल्या भागातल्या कितीतरी लोकांनी समुद्र पाहिला तो सहा डिसेंबरला दादरला गेल्यावरच. तरी समुद्राचा एक जीव दर आठवड्याला आपल्या चुलीपर्यंत येतो. या जिवाची एक दूरची भावकी आहे, ती समुद्राच्या अगदी तळाशी, तीन-चार किलोमीटर खोल अंधारात, तीन पायांवर उभी राहते. यावेळी त्या भावकीची ओळख करून घेऊ. ती करून घेताना आपल्या बोंबलाच्या वासाचे कोडेही उलगडेल, आणि त्या वासापायी आपल्याला जे ऐकून घ्यावे लागते त्याविषयीही दोन शब्द बोलता येतील.

आधी बोंबील कोण ते पाहू. मुंबई, वसई, पालघर, रायगडपासून गुजरातपर्यंतच्या किनाऱ्यावर, गढूळ आणि गाळाच्या पाण्यात तो राहतो. कोळी बांधव भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल नावाचे मोठे पिशवीसारखे जाळे रोवून ठेवतात. प्रवाहाबरोबर आलेला बोंबील त्यात शिरतो. ओला बोंबील हातात घेतला तर लिबलिबीत लागतो. त्याच्या अंगात शंभर भागांतले ऐंशीहून अधिक भाग नुसते पाणी असते. म्हणून दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडवावरच्या दोऱ्यांवर उन्हात टांगले की त्यांची काडी होते. पाणी उडून गेले की मागे उरते ते बहुतेक प्रथिन. शंभर ग्रॅम वाळलेल्या बोंबलात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. गरिबाच्या घरचे हे साधे खाणे अंगाला किती लागते ते यावरून कळावे.

बोंबलाचे तोंड मोठे, दात आत वळलेले. पकडलेली शिकार निसटत नाही. त्याचे मुख्य खाणे म्हणजे जवळा, म्हणजेच वाळल्यावर आपण जिला सुकट म्हणतो ती बारीक कोळंबी. पालावर शेजारी-शेजारी पडलेले हे दोन ढीग समुद्रात एकमेकांचे भक्ष्य आणि भक्षक होते.

आता त्याच्या भावकीकडे वळू. शास्त्रज्ञ माशांची जी कुळे मांडतात, त्यात बोंबील ज्या मोठ्या गणात येतो त्याच गणात खोल समुद्राच्या तळावर राहणारे अनेक मासे आहेत. या गणातल्या माशांचे दहा कोटी वर्षांहून जुने जीवाश्म सापडले आहेत. आपल्या पायाखालचा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. म्हणजे आपल्या दगडापेक्षाही हे घराणे जुने. इतक्या काळात त्याच्या शाखा पांगल्या. एक शाखा किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात आहे, दुसऱ्या काही शाखा पार तळाला गेल्या.

हे मासे आपल्या समुद्रातही आहेत. एकोणिसाव्या शतकात ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाची आगबोट हिंदुस्थानच्या समुद्रांची पाहणी करीत असे. १८८८ पासून तिच्यावर आल्फ्रेड ॲल्कॉक नावाचा डॉक्टर निसर्ग-अभ्यासक म्हणून होता. खोल पाण्यात जाळे सोडायचे आणि वर आलेला प्रत्येक जीव नोंदवायचा, हे त्याचे काम. अंदमानच्या समुद्रातून मिळालेल्या अशाच एका लांब काट्यांच्या तळमाशाचे त्याने १८८९ मध्ये वर्णन केले. १८९१ मध्ये त्याने बंगालच्या उपसागरातल्या खोल पाण्यात राहणाऱ्या एका बोंबलाचीही नोंद केली. म्हणजे बोंबलाच्या सख्ख्या भावांपैकीही एक जण खोलात राहतो.

या घराण्यातला सर्वांत नवलाचा मासा इंग्रजीत ‘ट्रायपॉड फिश’ म्हणून ओळखला जातो. आपण त्याला तिपाई मासा म्हणू. तो साधारण ९०० मीटरपासून ४,७०० मीटर खोलीपर्यंत आढळतो. त्याचे अंग फूट-सव्वा फुटाचे. पण पोटाखालच्या दोन परांचा एकेक काटा आणि शेपटीचा खालचा एक काटा असे तीन काटे इतके लांब वाढतात, की ते तीन फुटांपर्यंत जाऊ शकतात. या तीन काट्यांवर तो तळाच्या चिखलावर उभा राहतो. शेतात तिफण तीन फणांवर टेकवून ठेवावी तसा. जाळ्यातून मेलेले मासे वर येत होते तोवर या काट्यांचा नेमका उपयोग काय, याचा लोक तर्कच करीत होते. १९५० च्या दशकात फ्रेंच नौदलाच्या खोल बुडीच्या यानातून माणसे तळापर्यंत गेली, तेव्हा हे मासे खरोखर काट्यांवर उभे असलेले डोळ्यांनी दिसले.

तो असा उभा का राहतो, हे समजण्यासाठी आधी त्याचे गाव कसे आहे ते पाहू.

गावातून शेताकडे आपण चार किलोमीटर चालतो. तेवढेच अंतर सरळ खाली, पाण्यात उतरायचे आहे असे समजा. २०० मीटरपर्यंत उतरलो की उजेड इतका कमी होतो की वनस्पती जगू शकत नाही. १,००० मीटरच्या खाली सूर्याचा एक किरणही पोचत नाही. तिथे दिवस नाही, रात्र नाही, आषाढ नाही, वैशाख नाही. चार किलोमीटरवर पाणी दोन-तीन अंश सेल्सिअसइतके थंड असते, बाराही महिने. झाडपाला नसल्यामुळे खायला जे मिळायचे ते वरूनच पडायचे. मेलेल्या सूक्ष्म जिवांचे कण, विष्ठा, कात टाकलेली कवचे यांची बारीक भुरभुर सतत खाली येत असते. वाटेत बाकीचे जीव ती खात असतात. वर जेवढे अन्न तयार होते त्यातला शंभरात एखादा हिस्साच तळापर्यंत पोचतो.

अशा ठिकाणी शिकारीमागे धावणे परवडत नाही. धावायला ताकद लागते, ताकदीला अन्न लागते आणि अन्नाचीच टंचाई. म्हणून तिपाई मासा धावत नाही. तो प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि प्रवाह जे आणील त्याची वाट पाहतो. तळाला चिकटून वाहणारे पाणी चिखलाच्या घर्षणाने मंदावते, थोडे वर ते जास्त वाहते आणि जास्त कण व बारीक जीव घेऊन येते. काट्यांवर उभे राहिले की अंग त्या वाहत्या पाण्यात येते आणि पोहण्याचा खर्च वाचतो. नदीच्या काठी बसून राहण्यापेक्षा मधल्या खडकावर उभे राहिले तर गळाला मासा लवकर लागतो, हे कयाधूच्या काठावरच्या पोरांनाही ठाऊक आहे. तिपाई माशाने हा खडक स्वतःच्या अंगालाच जोडून घेतला आहे.

त्याचे डोळे अगदी बारीक झालेले असतात. पण छातीजवळच्या परांचे लांब काटे तो डोक्याच्या वर व पुढे पसरून धरतो. एखादा आंधळा माणूस अंधारात हात पुढे करून चालतो तसे. एखादा बारीक कोळंबीवर्गीय जीव त्या काट्यांना लागला किंवा त्याने पाणी हलवले, की ते माशाला कळते आणि तो त्याला तोंडात घेतो. डोळ्यांचे काम स्पर्शाने करणे ही युक्ती आपल्या नदीतही दिसते. गढूळ पाण्याच्या तळाशी राहणारा मागूर किंवा शिंगाळा पाहा. त्यांच्या तोंडाभोवती लांब मिशा असतात. चिखलात डोळे कामाचे नसतात, तिथे मिशा चाचपडतात आणि चवही घेतात. पूर्णा, पैनगंगा, कयाधू या नद्यांचा गाळ असो की महासागराचा तळ, जिथे दिसत नाही तिथे जीव हाताने पाहू लागतो.

याच घराण्यात आणखी एक तळमासा आहे. त्याच्या डोळ्यांची तर बुबुळेच गेली आणि डोक्यावर दोन चपट्या, फिकट पट्ट्या तेवढ्या उरल्या. चित्र पाहणे त्याला जमत नाही, पण इतर जिवांनी पाडलेला अंधुक उजेड त्या पट्ट्यांना जाणवतो. खोल समुद्रात सूर्य नसला तरी काजव्यासारखे चमकणारे जीव पुष्कळ असतात.

अडचण आणखी एक होती. इतक्या विस्तीर्ण अंधारात जोडीदार भेटणार कसा? तिपाई मासा एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही असतो. दुसरा कोणीही तिपाई भेटला तरी जोडी जमते, ‘आपल्याला मादीच हवी’ असे अडून बसावे लागत नाही. पिल्ले मात्र वरच्या पाण्यात वाढतात आणि मोठी होताना खाली उतरतात.

आता सर्वांत मोठ्या प्रश्नाकडे येऊ. वजनाचा प्रश्न. विहिरीत सूर मारून तळाला हात लावून येणाऱ्या पोरांना विचारा, खाली गेले की कान दुखतात. ते पाण्याचे वजन असते. दर १० मीटर खोलीला, पृथ्वीवरच्या सगळ्या हवेचा जेवढा दाब आपल्यावर असतो तेवढा दाब आणखी वाढतो. चार किलोमीटरवर तो चारशे पट होतो. हिशेब केला तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे चार क्विंटल. हळदीची पन्नास किलोची आठ पोती एका नखावर रचल्यासारखे.

माणूस या दाबाशी कसा झगडतो ते पाहा. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य ६०००’ नावाचे यान तयार करीत आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या भारताच्या खोल सागर मोहिमेचा ते भाग आहे. तीन माणसांनी ६,००० मीटर खोल जायचे, म्हणून त्यांच्या बसण्यासाठी टायटॅनियम धातूचा ८० मिलिमीटर जाडीचा, आतून २.१ मीटर व्यासाचा गोल योजला आहे. एवढी जाड भिंत हवी, कारण आत हवा आहे. हवा दाबली की चिरडते. जून २०२३ मध्ये बुडालेल्या टायटॅनिक बोटीचे अवशेष पाहायला निघालेले ‘टायटन’ नावाचे खासगी यान याच दाबाने क्षणात चिरडले आणि आतल्या पाचही जणांचा जीव गेला.

आणि तिपाई मासा? त्याला कसलीही भिंत नाही. अंग मऊ. मग तो चिरडत कसा नाही? पहिले कारण असे, की त्याच्या अंगात हवेची पोकळी नाही. रोहूसारख्या माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती तरंगायला कामी येते. तिपाई माशाला ती नाही, आणि लक्षात ठेवा, बोंबलालाही नाही. अंगात पाणी, बाहेरही पाणी. पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही. दोन्हीकडून सारखाच दाब असला की चिरडणार काय?

पण एवढ्याने भागत नाही. आपले शरीर लाखो प्रथिनांच्या रेणूंनी चालते. प्रत्येक रेणूला स्वतःची घडी असते, कुलपाच्या किल्लीसारखी. प्रचंड दाबाखाली ही घडी बिघडते, किल्ली वाकते आणि शरीराचे व्यवहार अडतात. यावर समुद्री माशांच्या अंगात एक पदार्थ असतो. त्याचे नाव ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड. नाव मोठे आहे, पण काम साधे आहे. तो प्रथिनांच्या घडीला आधार देतो, दाबाखाली ती मोडू देत नाही. उथळ समुद्रातल्या माशांतही तो असतो. खाऱ्या पाण्यात अंगातले पाणी बाहेर ओढले जाते, मिठात कैरी टाकली की सुरकुतते तसे. ते थोपवायलाही त्याची मदत होते. आणि शास्त्रज्ञांना असे आढळले, की मासा जितका खोल राहणारा तितका हा पदार्थ त्याच्या अंगात अधिक. सर्वांत खोल राहणाऱ्या माशांत तो उथळ पाण्यातल्या माशांच्या कितीतरी पट असतो.

यातून एक सीमाही ठरते. हा पदार्थ वाढत वाढत एका टोकाला पोचला की माशाचे अंग समुद्राइतकेच खारट ठरते. त्यापुढे गेला तर बाहेरचे पाणी आत शिरू लागेल. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असा हिशेब मांडला गेला, की मासा साधारण ८,२०० ते ८,४०० मीटरच्या खाली जगू शकणार नाही. त्यानंतर २०२२ मध्ये जपानजवळच्या एका सागरी खंदकात ८,३३६ मीटर खोलीवर पोहणाऱ्या गोगलगाय-माशाचे चित्रीकरण झाले. आजवर कॅमेऱ्यात आलेला हा सर्वांत खोल मासा. कागदावरचा हिशेब आणि समुद्रातला मासा यांची अशी गाठ पडली.

आता आपल्या चुलीकडे या. मासा मेला की जंतू त्याच्या अंगातल्या याच पदार्थावर काम करू लागतात. त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि मागे ट्रायमिथाइल अमाइन उरते. ते हवेत उडते आणि नाकाला झोंबते. ज्याला लोक ‘माशाचा वास’ म्हणतात, त्यातला मोठा वाटा याचा आहे. नदी-तलावातल्या गोड्या पाण्यातल्या माशांना खारेपणाशी झगडावे लागत नाही, म्हणून त्यांच्यात हा पदार्थ फार थोडा असतो. सिद्धेश्वर धरणाचा रोहू आणि बाजारातला बोंबील यांचा वास वेगळा का, याचे एक मोठे कारण हे आहे.

आपल्या आया-आज्यांनी याची तोड शाळेत न जाताच शोधून ठेवली आहे. बोंबील आधी कोरडे भाजायचे, डोके-शेपूट-पर काढायचे, गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायचे आणि कालवणात चिंच किंवा लिंबू घालायचे. भाजल्याने आणि धुतल्याने बराच वास निघून जातो. उरलेला आंबटाने मरतो, कारण ट्रायमिथाइल अमाइन हे आम्लारी आहे. आम्लाशी त्याचा संयोग झाला की जे तयार होते ते हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. शाळेच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांचा धडा असतो. मुला-मुलींनी तो वाचताना एक वाळलेला बोंबील दोन तुकडे करून भिजवावा. एकावर लिंबू पिळावे, दुसरा तसाच ठेवावा, आणि वास घेऊन पाहावा. धडा आयुष्यभर विसरणार नाही.

मात्र वास आणि सडका वास यांतला फरक घरच्या बाईने राखावा. चांगला बोंबील कडक, कोरडा आणि फिकट पिवळसर असतो. हाताला ओलसर लागणारा, बुरशीचे ठिपके असलेला, आंबूस घाणीचा वास येणारा बोंबील स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. पावसाळ्यात डबा घट्ट बंद ठेवावा आणि ऊन पडले की एकदा उन्हात घालावा.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले त्या गोष्टीकडे येतो. शिक्षणासाठी, नोकरीसाठी आपली माणसे तालुक्याला, जिल्ह्याला, नांदेडला, पुण्याला जातात. खोली पाहायला गेले की घरमालक आधी आडनाव विचारतो आणि मग म्हणतो, ‘मासे-मटण चालणार नाही हं, वास येतो.’ आम्ही हे ऐकले आहे, तुमच्यापैकी कित्येकांनी ऐकले आहे. वासाचे नाव पुढे केले जाते, नकार मात्र दुसऱ्याच गोष्टीला असतो. शाळेत डब्यात सुकटीची चटणी असली की बाजूचे पोर नाक धरते आणि आपले पोर दुसऱ्या दिवसापासून डबा न्यायला नको म्हणते. ही लाज त्याच्या मनात बसू देऊ नका. त्याला सांगा, ज्याला हे लोक घाण म्हणतात त्याच पदार्थाच्या आधारावर मासा खाऱ्या समुद्रात जगतो, आणि जिथे माणसाला धातूची आठ सेंटिमीटर जाड भिंत लागते तिथे मासा उघड्या अंगाने उभा राहतो. वास कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही. तो ज्याच्या-त्याच्या नाकाचा प्रश्न. वासावरून माणसाची किंमत करणे हा मात्र अडाणीपणा आहे, मग तो कितीही शिकलेल्या माणसाने केलेला असो.

असाच अन्याय खुद्द एका तळमाशाच्याही वाट्याला आला आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या समुद्रात तळाजवळ ‘ब्लॉबफिश’ नावाचा मासा राहतो. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका संस्थेने मते मागवली तेव्हा तो जगातला सर्वांत कुरूप प्राणी ठरला. त्याचे लोंबते नाक, वितळल्यासारखे तोंड असे छायाचित्र जगभर फिरले. पण ते छायाचित्र जाळ्यातून ओढून वर आणलेल्या माशाचे होते. सहाशे-हजार मीटर खोल त्याच्या स्वतःच्या पाण्यात तो साध्या माशासारखाच दिसतो. तिथला दाबच त्याच्या मऊ अंगाला आकार देतो. तो दाब काढून घ्यायचा, त्याला फरफटत उजेडात आणायचे आणि मग हसायचे! ज्याला त्याच्या जागेवर कधी पाहिलेच नाही, त्याच्याविषयी मत बनवायची घाई माणसाला फार.

या तळावर आता माणसाची नजर गेली आहे. तिथे बटाट्याएवढे धातूचे गोळे पडलेले असतात. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असते. मध्य हिंदी महासागरात असे ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आंतरराष्ट्रीय करारानुसार भारताकडे शोधासाठी आहे. धातू देशाला हवेत, हे खरे. पण हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्याच गतीने वाढतात आणि त्यांच्या आधाराने जीव राहतात. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरू देशासमोरच्या समुद्रात चार किलोमीटर खोल तळावर मुद्दाम नांगरासारखे अवजार फिरवून पाहिले. २०१५ मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी, पुन्हा पाहिले तर तास तसेच होते. आपल्या वावरात वखराची रेघ एका मोठ्या पावसात मिटते. तिथे पाऊस नाही, ऊन नाही, घाईने भरून काढणारे काहीही नाही. म्हणून तिथे हात घालण्याआधी शंभरदा विचार व्हावा, आणि तो विचार करणाऱ्यांत आपलीही शिकलेली मुले-मुली असावीत, असे आम्हाला वाटते.

शेवटी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘माशाने स्वतःला बदलले, परिस्थितीशी जुळवून घेतले’ असे आपण सहज बोलतो. प्रत्यक्षात कोणत्याही माशाने ठरवून काही केले नाही आणि वरून कोणी त्याला तसा घडवलाही नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये मांडलेली गोष्ट अशी, की एकाच आईबापांची पिल्लेही थोडी-थोडी वेगळी असतात. तळावर ज्यांचे काटे किंचित लांब होते त्यांना थोडे अधिक खायला मिळाले, त्यांची पिल्ले अधिक जगली. बाकीची उपाशी मेली. असे लाखो पिढ्या झाले तेव्हा हा तिपाई मासा दिसू लागला. जुळवून घेणे या गोड शब्दामागे असंख्य माशांचे मरण आहे.

म्हणून कोणी आपल्याला सांगितले, की ‘निसर्गातही काही तळाला, काही वर असतात, तुम्हीही जुळवून घ्या’, तर त्याला हे विज्ञान समजावून सांगा. समुद्राचा तळ हा खालचा दर्जा नाही, ती नुसती खोली आहे, आणि तिथला मासा वरच्या माशापेक्षा तसूभरही कमी नाही. दुसरे असे, की माशाला समुद्र बदलता येत नाही. त्याला पाण्याचे वजन हलवता येत नाही, अंधारात दिवा लावता येत नाही. माणसाला हे दोन्ही करता येते. जे ओझे माणसांनीच माणसांवर ठेवले आहे, ते सोसण्यासाठी लाखो पिढ्या थांबायचे कारण नाही. ते उतरवायचे असते, आणि त्यासाठी पोरांच्या हातात पुस्तक आणि पोटात पोटभर अन्न लागते. त्या अन्नात भाकरीबरोबर भाजलेला बोंबील असला तर उत्तमच.